उजवी पाकळी

नवीन पनवेल, १९ मे

शांतीताई,

हा फोन नाही, तेव्हा कापता येणार नाही. फाडता येईल, पण फाडायच्या आधी समीक्षाकडून वाचून घे, कारण गोष्ट तिचीच आहे. समीक्षा, बाळा, मोठ्यानं वाच आणि मधलं गाळू नकोस. आजीचे डोळे मिठागरावरच्या मिठाच्या चकाकीनं गेलेत, कान शाबूत आहेत.

ताई, दहा-बारा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. बरं. तुझ्या दारी लग्न झालं, बारसं झालं, मला बोलावणं आलं नाही. तेही बरं. मी एकटी बाई, शाळेतून निवृत्त झालेली, माझं काही अडलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. आज मात्र अडलंय.

किशोरी काल मासळी घेऊन आली होती. आमच्या मार्केटात बसते, तुमच्याच आळीतली, त्यामुळे सुरमईबरोबर गावच्या बातम्याही आणते. तिनं सांगितलं की समीक्षा बारावी सायन्सला तालुक्यात पहिल्या मुलींत आली. मी पेढे आणायला चप्पल घालत होते तेवढ्यात पुढचं सांगितलं. तुझ्या महादेवनं स्वतःच्या या पोरीसाठी जासईचं स्थळ बघितलंय, त्यांचे पाच ट्रेलर आहेत, आणि शिकवायचं की उजवायचं याचा निकाल म्हणे कौल लावून होणार. १७ जूनला, मंगळवारी, गावदेवीच्या देवळात. आणि हा कौल महादेवनं नाही, तू काढलास.

चप्पल मी परत काढून ठेवली.

ताई, पाकळी दगडाला चिकटवायची आणि ती कधी पडते हे बघत बसायचं. उजवी आधी पडली तर शिक्षण, डावी पडली तर लग्न. एका मुलीचं आख्खं आयुष्य! तुला हे कसं सुचलं? निदान तुला तरी सुचायला नको होतं.

तिला माझ्याकडे पाठव. बी.एस्सी.ला प्रवेश इथेच मिळेल, राहील माझ्याजवळ, मागची खोली रिकामीच आहे. अर्ज जूनच्या चौदापर्यंत आहेत. कौल लागेपर्यंत मुदत संपलेली असेल, हे तुझ्या देवीला कोणी सांगितलंय का?

उत्तर किशोरीबरोबर तोंडी पाठव.

गोदू

२५ मे

शांतीताई,

तुझा निरोप पोचला. किशोरीनं पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि तुझ्याच सुरात म्हणाली, "तिला सांग, पोर आमची, देवी आमची. तू कोन?"

मी कोण ते सांगते. आपल्या पट्ट्यातल्या मिठागरांवरून निघून विज्ञानाची पदवी घेणारी पहिली मुलगी मी. मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुलं मला मिठागरवाली म्हणायची. सोडियम क्लोराइड म्हटलं की सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. मी रडले नाही. त्यांना सांगितलं, तुमच्या डाळीत पडतं ते माझ्या बहिणीनं ओढलेलं आहे, खाताना लाज धरा. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं, ना?

पुढे पनवेलच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, मग मुख्याध्यापिका. घरत बाई म्हटलं की अजूनही भाजी मंडईत निम्म्या बायका पदर सावरतात. आठवीनंतर घरी बसवलेल्या पोरी मी दारात जाऊन परत आणल्या. आई दार लावायची, मी पायरीवर बसायचे. शेजारणी जमू लागल्या की दार उघडायचं. लाजेनं का होईना, पोरगी शाळेत यायची. इतक्या परक्या घरांतून इतक्या पोरी काढल्या, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातून एक निघेना!

म्हणून परवा मी आले. तुला कळलंच असेल, कारण तू आतल्या खोलीत होतीस आणि तुझी काठी मला दिसत होती. महादेवनं ओटीवर खुर्ची दिली, चहा दिला, पंखा लावला. वाईट वागला असं मी म्हणणार नाही. त्याचं म्हणणं साधं आहे. रस्त्यावर कंटेनरची रांग, पोरगी तरणी, कॉलेजच्या नावाखाली काही झालं तर गाव त्यालाच बोलेल. स्थळ ओळखीतलं, घर भरलेलं. मी सगळं खोडून काढलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मावशी, तुमच्याशी वाद घालायला मी शिकलेलो नाय. आईनं कौल काढलाय. देवीनं सांगितलं शिकव, तर मी स्वतः फी भरायला येईन. पन दुसऱ्या कोनाचा मी आयकनार नाय."

पालथ्या घड्यावर पाणी. मी पायरीवर बसून राहिले असते, पण गुडघे आता पूर्वीचे नाहीत आणि तुझं दार तर उघडंच होतं. उघड्या दारापुढे बसून काय करायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

समीक्षा पाणी घेऊन आली होती. हळूच म्हणाली, मावशीआजी, तुमचं पत्र मी सगळं वाचलं, पण ओरडायची ठिकाणं जरा हळू वाचली. तर समीक्षा, हे वाक्य जोरात वाच. ताई, तू चुकते आहेस.

गोदू

२ जून

ताई,

किशोरी आता मासेमारीच्या बंदीमुळे सुकट आणि बोंबील घेऊन बसते. काल तिच्याकडे निरोप काय, तर एक प्रश्न. "तिला इचार, तवा पाकली वाऱ्यानंच पडली काय?" एवढंच. मी तीन पानं लिहायची आणि तू एक ओळ पाठवायची.

मला माहीत आहे हा प्रश्न कुठून येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी गावानं माझा सत्कार केला होता, कमान उभारली होती, 'गावातील पहिली विज्ञान पदवीधर' अशी. आधी देवीपुढे नारळ फोडा म्हणाले. मी नाही म्हटलं, मी नारळ फोडत नाही. मग भाषणात मी ती गोष्ट सांगितली. बाबा गेलेले, आईला मिठागरावर एक तरी हात हवा होता. आपण दोघी एकाच वर्गातल्या, चौथी पास. गुरुजी म्हणाले, दोघींना नाही तर एकीला तरी पनवेलला मामांकडे ठेवा. कोणाला, हे आईला ठरवता येईना, म्हणून तिनं कौल लावला. उजवी माझी, डावी तुझी. गुरवकाकांचा हात कापायचा म्हणून पाकळ्या लावायला तूच पुढे झालीस. उजवी पडली आणि मी शाळेत गेले. भाषणात मी म्हणाले, ती पाकळी देवीनं पाडली नाही, वाऱ्यानं पडली, वारा दुसरीकडून आला असता तर आज इथे कोणीच उभं नसतं, म्हणून मुलींचं शिक्षण वाऱ्यावर सोडू नका. टाळ्या पडल्या. तू पहिल्या रांगेतून उठलीस आणि गेलीस. तेव्हापासून गेलीसच.

ते बोलणं मी आजही मागे घेणार नाही. वारा नसेल तर पाण्याचं वजन असेल. दगड उन्हानं तापला असेल, पाणी सुकलं असेल. कारणं पुष्कळ असतात, ती शोधायची असतात. तुला माझ्या तोंडून काय हवंय? देवीनं पाडली असं म्हणू? तू आयुष्यभर मिठात उभी राहिलीस ती देवीची आज्ञा म्हणून, आणि मी ती आज्ञाच काढून घेतली, हे मला कळतं ताई. रात्री अंथरुणावर पडल्यावर चांगलंच कळतं. पण खोटं कसं बोलू?

हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आता परत उचलते आहे. ऐक. खोटं बोलते. तुला हवं ते बोलते. कौलाच्या मंगळवारी येते, चप्पल काढते, सगळ्या गावासमोर नारळ फोडते, देवीनं पाडली म्हणते. एवढी एक पोरगी मला दे. माझं सगळं वय शाळेत गेलं, स्वतःचं म्हणावं असं घरात कोणी नाही, आणि ही माझ्या रक्ताची, हिला रसायन आवडतं. मी तुझ्या पाया पडते असं पत्रात लिहिताना मला जड जात नाहीये, यावरून काय ते समज.

गोदू

६ जून

समीक्षा,

ही घडी वेगळी केली आहे. ही आजीला वाचून दाखवायची नाही.

आजीचा निरोप आला, "नारल नको मना." मग तिला काय हवंय ते मला कळत नाही. तेव्हा आता तूच उपाय. अर्ज मी मुदतीच्या आत भरून ठेवीन, कौल तू सांभाळ.

नीट वाच. पाकळी दगडाला चिकटते ती पाण्याच्या पातळ थरामुळे. थर पातळ तर पकड घट्ट. पाणी जास्त झालं की पाकळी जड होते आणि घसरते. डावीकडची पाकळी बोटानं निपटून, नुसती ओलसर लावायची. उजवीकडची वाटीत बुडवून थबथबीत लावायची, जाड देठाकडची बाजू वर ठेवून. उजवी आधी पडेल. मी घरी फरशीचा तुकडा उभा करून जास्वंदीवर करून बघितलंय, एकदाही चुकलं नाही. आता कौलाला पाकळ्या कोण लावतं माहीत नाही, पण तांब्या-वाटी घेऊन जवळ उभी राहा आणि हात पुढे कर. आजचा गुरव म्हातारा नसला तरी आळशी असेल.

पदरात चिठ्ठ्या लपवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे. आज मीच तुला चिठ्ठी पुरवते आहे. घरत बाईंनी कॉपी करायला शिकवली, असं तू पुढे कधीतरी हसत सांगशील. सांग. फक्त कॉलेजच्या आवारात उभी राहून सांग.

वाचून झाली की चुलीत घाल.

मावशीआजी

९ जून

ताई,

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुला आतापर्यंत सगळं कळलंय, तरी मी माझ्या तोंडानं सांगते.

किशोरीला अक्षर ओळखता येत नाही. समीक्षा नळावर गेली होती, ओटीवर महादेव होता. त्यानं हात पुढे केला, किशोरीनं घडी दिली. तिची काय चूक?

काल त्याचा मला फोन आला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता. म्हणाला, "मावशी, तुमचा आभार. पाकळीला फसवता येतं हे मला ठाऊक नव्हता. तुमी एवढं शिकलेल्या, तुमी सांगता म्हंजे खरा असेल. मग आता कौल कशाला? देवीला कशाला तरास? रविवारी साखरपुडा करून टाकतो. बुधवारी मानसं बोलायला येतायत."



ताई, माझं बोलणं तुला समजतंय ना? चाळीस वर्षं मी शाळेत, सभांत, लोकांच्या ओट्यांवर सांगत फिरले की कौल खोटा, अंगारा खोटा, कारण शोधा. माझ्या घरच्या माणसांपैकी कोणी कधी ऐकलं नाही. काल पहिल्यांदा एकानं ऐकलं. आणि ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी पोरगी बुडाली. कौल लागला असता तर निदान अर्धी आशा होती. ती अर्धी मी माझ्या हातानं पुसली.

पोलिसांत जावं तर तिला अठरा पूर्ण झालीत. तिनं नको म्हणायचं तर ती बापापुढे मान वर करत नाही. मी तिला फोन केला तर तो बंद. कॉलेजात जाऊन अर्ज आणून ठेवलाय, टेबलावर आहे, त्याच्याकडे बघवत नाही म्हणून त्यावर वर्तमानपत्र टाकलंय.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार? समीक्षाला आता माझ्या कागदाला हात लावू देत नसतील. किशोरीला मी हे दोनदा वाचून दाखवलंय आणि तिनं मनात साठवलंय. ती तुझ्या कानात सांगेल. ताई, महादेव माझं ऐकणार नाही, देवीचं आता ऐकणार नाही. तू त्याची आई आहेस. तू मला कधीच बोलावू नकोस, मेले तरी येऊ नकोस, पण बुधवारी माणसं येतील तेव्हा एक शब्द बोल. एवढीच भीक घाल.

गोदू

१२ जून

ताई,

किशोरी आज पाटी न घेताच आली. धंदा सोडून एवढी वाट तुडवत आली. मी तिला पाणी दिलं. तिनं आधी पाणी संपवलं, मग उभी राहिली आणि काल तुमच्या ओटीवर झालेलं सगळं सांगितलं. तू सांगायला लावलंस म्हणाली, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

जासईची माणसं बसली होती. सुपारी मध्ये होती. तू काठी टेकत बाहेर आलीस, कोणी खुर्ची दिली ती घेतली नाहीस, आणि म्हणालीस:

"महादेवा, ती चिठ्ठी मना कशाला लपवतस? भिजल्या पाकलीचा गोदू आज शिकवते. मना ता दाहाव्या वरसाला येत व्हता. तवा गुरवाच्या हातातली वाटी मी घेतली. गोदूची पाकली मी थबथबीत भिजवली, माजी पुसून लावली. माजा नंबर तिच्या वर व्हता, आयचा जीव माज्यावर व्हता, तरी बी लावली. ती रोज रातची रडायची मिठाच्या भीतीनं, पाय चिरायचं तिचं. मना मीठ सोसत व्हता. मना शालेत जावाचा नव्हता असा कोन बोलेल त्याला मी इचारीन. गोदू गावासमोर बोलली, देवानं नाय पाठवली. खरा बोलली ती. देवानं नाय, वाऱ्यानं बी नाय. मी पाठवली."

 मग तू महादेवला म्हणालीस, "तू माजा आयकत नाय, देवीचा आयकतस, म्हनून मी कौल काढला व्हता. पाकली मीच लावनार व्हती. आता ता बी गेला. म्हनून उघडा बोलते. तवा मी माजी शालेची पाली दिली. आता माजी पाली मना परत पायजे. हिच्यात पायजे."

जासईचे म्हातारे उठले, टोपी नीट केली, घरात आधी एक विचार करा म्हणाले आणि गेले. महादेव हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. सुपारी उचलून आत ठेवली.

ताई, मी खाली बसले. किशोरी माझ्या शेजारी बसली.

पाकळी का घसरते हे मी कितीतरी वर्गांना शिकवलं. फरशीवर जास्वंद चिकटवून बघितली. गुरवकाकांचा हात कापायचा, पाकळ्या तू लावल्यास, हे माझ्याच हातानं तुला लिहून पाठवलं, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. तू विचारलंस वाऱ्यानंच पडली काय, आणि मी तुला दगड किती तापतो ते सांगत बसले. तू त्या सभेत पहिल्या रांगेत बसली होतीस. माझं नाव कमानीवर होतं आणि तू टाळ्या वाजवायला आली होतीस. मी म्हणाले, वारा. मला रडू आवरत नाहीये, अक्षर बिघडलं तर समजून घे. तुझ्याहून माझं अक्षर कायम वाईटच होतं.

तुझा शेवटचा निरोप किशोरीनं जाताजाता दिला. उद्या सकाळच्या टेम्पोत तू स्वतः समीक्षाला घेऊन निघणार, महादेव आला तर त्याच्यासह, नाही तर त्याच्याशिवाय. त्यानं वाटेत अडवलं तर किशोरीकडून कळव, मी येऊन तुमच्या पायरीवर बसते. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. मागच्या खोलीत दोन गाद्या घातल्यात. अर्जावरचं वर्तमानपत्र मी काढलंय.

त्यात एके ठिकाणी पालकाची सही लागते. मी विचार केला होता, मीच ठोकून देईन, निवृत्त मुख्याध्यापिका असा शिक्कासुद्धा अजून कपाटात आहे. पण ती सही मी करणार नाही. तू करायचीस. चौथीपर्यंत शिकलेली आहेस आणि वर्गात पहिली होतीस, कमानीवर काहीही लिहिलेलं असो. जागा दिसली नाही तर मी तुझं बोट धरून तिथे ठेवते. सावकाश लिही, शांती, पूर्ण नाव.

गोदू